केंब्रिज विद्यापीठाचे क्रीडासंघ

विद्यापीठ म्हटलें म्हणजे ग्रंथालयें, प्रयोगशाळा, परीक्षा आणि पदवीदानाचे समारंभ हींच प्रथम आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. इंग्लंडांतील केंब्रिज विद्यापीठाविषयीं तर हें विशेषच खरें आहे. सन १२०९ च्या सुमारास स्थापन झालेल्या या विद्यापीठांत न्यूटन शिकले, डार्विन शिकले. आणि आपल्या महाराष्ट्रांतील रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे १८९९ सालीं तेथील गणिताच्या परीक्षेंत सर्वोच्च स्थानाचे मानकरी होऊन ‘रँग्लर परांजपे’ या नांवानें घरोघरीं परिचित झाले. परंतु या विद्यापीठाचा इतिहास वाचूं लागलें असतां त्यांत दुसरा एक इतिहास गुंफलेला आढळतो. तो नदीवरील नौकांचा, हिरवळीवरील क्रिकेटचा, धांवण्याच्या शर्यतींचा आणि फूटबॉलचा इतिहास होय. आमच्या विद्यार्थिवाचकांस त्याची थोडी ओळख करून द्यावी, असें आम्हीं योजिलें आहे.

हा इतिहास केवळ जयापजयांच्या आंकड्यांचा नाहीं. कोण जिंकलें याबरोबरच संघांत कोणास घेतलें आणि कोणास घेतलें नाहीं, हेंही आपण पाहिलें पाहिजे. कारण कोणत्याही संघाचें मोठेपण त्यानें मिळविलेल्या ढालींनीं जसें कळतें, तसेंच त्याचें दार किती रुंद होतें यावरूनही कळतें.

संघ आणि ‘ब्ल्यू’

केंब्रिज येथें आज एकतीस कॉलेजें आहेत. प्रत्येक कॉलेजाचे स्वतःचे संघ असतात, आणि त्यांतील उत्तम खेळाडू निवडून विद्यापीठाचा संघ तयार होतो. या संघाचा जुना आणि मुख्य प्रतिस्पर्धी म्हणजे ऑक्सफर्ड विद्यापीठ. प्रमुख खेळांपैकीं एखाद्यांत जो विद्यार्थी ऑक्सफर्डविरुद्धच्या वार्षिक सामन्यांत खेळतो, त्यास ‘ब्ल्यू’ हा मान मिळतो आणि विद्यापीठाच्या फिकट निळ्या रंगाचा कोट घालण्याचा अधिकार प्राप्त होतो. ऑक्सफर्डचा निळा रंग गडद आहे. या मानाबरोबर पैसा मिळत नाहीं. तरी तो मिळावा म्हणून विद्यार्थी हिंवाळ्याच्या कडाक्यांत पहांटे उठून महिनेच्या महिने मेहनत करितात.

नियमांची बैठक

केंब्रिजच्या खेळाडूंनीं जगास दिलेली सर्वांत मोठी देणगी मैदानावर मिळविलेली नाहीं. ती एका खोलींत टेबलाभोवतीं बसून तयार झाली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडांतील प्रत्येक मोठ्या शाळेचा फूटबॉल निराळा होता. रग्बी येथील मुलें चेंडू हातांत घेऊन धांवत; ईटन येथील मुलांस तें मुळींच मान्य नव्हतें. हॅरो, विंचेस्टर, श्रूजबरी या शाळांच्याही रीती वेगळ्या होत्या. हीं सारीं मुलें केंब्रिजला एकत्र आलीं म्हणजे खेळापेक्षां भांडणच अधिक होई.

अखेरीस १८४८ सालीं ट्रिनिटी कॉलेजांत चौदा विद्यार्थी जमले. प्रत्येकानें आपापल्या शाळेचे नियम बरोबर आणले होते. दुपारीं चारनंतर बसलेली ही बैठक मध्यरात्रीस पांच मिनिटें उरलीं असतां उठली, असें त्यांतील एक सभासद माल्डन यांनीं पुढें लिहून ठेविलें आहे. त्यांनीं नमूद केलेली आणखी एक गोष्ट आम्हांस फार बोधप्रद वाटते. या चौदांपैकीं माल्डन व त्यांचे एक सोबती हे दोघे त्या नामांकित शाळांतून आलेले नव्हते. जेव्हां जेव्हां दोन्ही बाजूंस मतें समान पडत, तेव्हां कोणत्याच शाळेचा अभिमान नसलेल्या या दोघांच्या मतानें निर्णय लागे. म्हणजे ज्यांस ‘आपला’ असा खेळच नव्हता, त्यांच्यामुळें सर्वांचा एक खेळ होऊं शकला.

हे नियम छापून ‘पार्कर्स पीस’ या गांवांतील मोकळ्या मैदानावर लावण्यांत आले. १८४८ सालची मूळ प्रत आज उपलब्ध नाहीं. परंतु १८५६ च्या सुमाराची एक प्रत श्रूजबरी शाळेंत जपून ठेविली आहे. पुढें १८६३ सालीं लंडनमध्यें फूटबॉल असोसिएशनची स्थापना झाली, तेव्हां चेंडू हातांत घेऊन धांवावें कीं नाहीं आणि प्रतिपक्षाच्या नडग्यांवर लाथा मारण्याची मुभा असावी कीं नाहीं, यावर मोठा वाद माजला. त्या वेळीं त्याच वर्षीं सुधारलेल्या केंब्रिजच्या नियमांचा आधार घेण्यांत आला, आणि या दोन्ही गोष्टी वर्ज्य ठरल्या. आज जगांतील गल्लोगल्लीं जो फूटबॉल खेळला जातो, त्याच्या वंशवृक्षाचें एक मूळ त्या रात्रीच्या बैठकींत आहे. उभय विद्यापीठांमधील रग्बीचा पहिला सामना १८७२ सालीं आणि असोसिएशन फूटबॉलचा पहिला सामना १८७४ सालीं झाला.

नौकांची शर्यत

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांमधील नौकांच्या शर्यतीचा उगम दोन शाळासोबत्यांच्या स्नेहांत आहे. हॅरो येथें एकत्र शिकलेले चार्ल्स वर्डस्वर्थ आणि चार्ल्स मेरिव्हेल हे ते दोघे. वर्डस्वर्थ हे प्रसिद्ध कवि वर्डस्वर्थ यांचे पुतणे; ते ऑक्सफर्डला गेले आणि मेरिव्हेल केंब्रिजला. १८२९ सालच्या मार्च महिन्यांत केंब्रिजकडून ऑक्सफर्डला रीतसर आव्हान गेलें, आणि १० जून रोजीं थेम्स नदीवर हेन्ली येथें पहिली शर्यत झाली. ती ऑक्सफर्डनें सहज जिंकली. तेव्हांपासून अशी रूढि पडली आहे कीं, आदल्या वर्षीं जो पक्ष हरला असेल त्यानें जेत्यास पुढील वर्षाचें आव्हान द्यावें. पराभव पावलेल्यानें तोंड लपवूं नये, उलट आपण होऊन पुन्हां उभें राहावें, अशी ही रीत आहे.

दुसरी शर्यत १८३६ सालीं झाली. त्या दिवशीं केंब्रिजच्या नौकेच्या अग्रभागीं फिकट निळ्या रंगाची एक फीत बांधली होती आणि तोच पुढें विद्यापीठाचा रंग झाला, अशी कथा आहे. १८४५ पासून ही शर्यत लंडनमधील पटनी ते मॉर्टलेक या प्रवाहांत होऊं लागली, आणि १८५६ पासून ती दरवर्षीं होते. दोन महायुद्धांचीं वर्षें आणि साथीमुळें रद्द झालेलें १९२० नंतरच्या शतकांतील २०२० हें वर्ष यांचा तेवढा अपवाद. हें अंतर ४ मैल ३७४ यार्ड आहे. नौकेंत आठ वल्हेकरी बसतात, आणि नववा मनुष्य त्यांच्याकडे तोंड करून सुकाणू सांभाळतो. वल्हेकऱ्यांची पाठ पुढच्या दिशेस असल्यामुळें आपण कोठें चाललों आहों हें त्यांस दिसत नाहीं. त्यांनीं त्या नवव्याच्या शब्दावर विश्वास ठेवून सर्व बळ लावावयाचें असतें. आठांपैकीं एकाचेंही वल्हें क्षणभर आधीं किंवा मागून पडलें तर नौकेची गति मोडते. म्हणून अत्यंत बलवान् अशा आठांपेक्षां एकजीव झालेले आठजण अधिक वेगानें जातात.

या शर्यतीच्या इतिहासांत हर्षशोकाचे प्रसंग पुष्कळ आहेत. १८५९ सालीं केंब्रिजची नौका शर्यत चालू असतांनाच बुडाली. १८७७ सालीं पंचानें दोन्ही नौका बरोबरीनें आल्याचा निर्णय दिला. असा निकाल आजवर तो एकच. १९१२ सालीं वारा आणि लाटा इतक्या प्रबळ झाल्या कीं, केंब्रिजची नौका बुडाली व ऑक्सफर्डचीही पाण्यानें भरली; शर्यत पुन्हां घ्यावी लागली आणि ती ऑक्सफर्डनें जिंकली. पहिल्या महायुद्धामुळें १९१५ ते १९१९ हीं पांच वर्षें शर्यत झाली नाहीं. वल्हीं ठेवून रणांगणावर गेलेले कित्येक तरुण परत आलेच नाहींत. त्यानंतर केंब्रिजचा मोठा उत्कर्षकाळ आला. १९२४ पासून १९३६ पर्यंत लागोपाठ तेरा वर्षें त्यांनीं विजय मिळविला. १९९८ सालीं त्यांच्या नौकेनें हें अंतर १६ मिनिटें १९ सेकंदांत तोडून वेगाचा उच्चांक केला. २०२५ च्या शर्यतीअखेर पुरुषांच्या शर्यतींत केंब्रिजचे विजय ८८ आणि ऑक्सफर्डचे ८१ झाले होते. जवळजवळ दोनशें वर्षांच्या झुंजीनंतर दोघांत केवळ सातांचें अंतर राहावें, यावरून प्रतिस्पर्धी किती तोलामोलाचे आहेत हें ध्यानीं येईल.

क्रिकेटचें मैदान

ज्या वर्डस्वर्थांनीं नौकांची शर्यत घडवून आणली, त्यांनींच तिच्या दोन वर्षें आधीं, म्हणजे १८२७ सालीं, उभय विद्यापीठांमधील क्रिकेटचा पहिला सामना लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर भरविला होता. पावसामुळें तो अनिर्णित राहिला.

या मालिकेंतील १८७० सालचा सामना अद्याप सांगितला जातो. शेवटच्या डावांत ऑक्सफर्डला विजयासाठीं अवघ्या चार धांवा हव्या होत्या आणि त्यांचे तीन गडी शिल्लक होते. केंब्रिजचे फ्रँक कॉबडेन यांनीं ओव्हर सुरू केली. पहिल्या चेंडूवर एक धांव निघाली. त्यानंतरच्या तीन चेंडूंवर त्यांनीं तिन्ही गडी बाद केले, आणि केंब्रिजनें दोन धांवांनीं सामना जिंकला. हरलों असें मनांत आणलें असतें तर ते चार चेंडू केवळ उपचार म्हणून टाकले गेले असते.

१८७८ सालचा केंब्रिजचा संघ तर विद्यापीठाच्या इतिहासांत सर्वोत्तम मानला जातो. त्या वर्षीं आलेल्या ऑस्ट्रेलियन पाहुण्यांनीं लॉर्ड्सवरच मेरिलेबोन क्लबाच्या बलाढ्य संघास एका दिवसांत गारद केलें होतें. त्याच ऑस्ट्रेलियनांस या विद्यार्थ्यांनीं एक डाव व ७२ धांवांनीं पराभूत केलें.

यानंतर स्टड बंधूंचें नांव येतें. जी. बी., सी. टी. आणि जे. ई. के. हे तिघे सख्खे भाऊ अनुक्रमें १८८२, १८८३ व १८८४ या वर्षीं केंब्रिजचे कर्णधार झाले. त्यांतील सी. टी. स्टड हे, ज्या १८८२ च्या सामन्यानंतर ‘अ‍ॅशेस’ची कथा जन्मास आली, त्या सामन्यांत इंग्लंडकडून खेळले. संघ सात धांवांनीं हरला तेव्हां ते खेळपट्टीवर नाबाद उभे होते. शेवटच्या डावांत त्यांच्या वांट्यास एकही चेंडू आला नव्हता. कीर्ति ऐन भरांत असतां १८८५ सालीं ते क्रिकेट सोडून मिशनरी म्हणून चीनला गेले. पुढें कांहीं वर्षें त्यांनीं दक्षिण हिंदुस्थानांत काम केलें, आणि अखेरीस १९३१ सालीं आफ्रिकेंतील कांगोमध्यें त्यांचा अंत झाला.

रणजितसिंहजी आणि त्यांचे मागून आलेले

राजकोटच्या राजकुमार कॉलेजांतून काठेवाडचे एक तरुण ट्रिनिटी कॉलेजांत दाखल झाले. हेच कुमार रणजितसिंहजी. प्रारंभीं त्यांचा खेळ कच्चा होता. जलद चेंडू आला म्हणजे उजवा पाय मागें सरकत असे. त्यांनीं पगारी गोलंदाज ठेवून तासन् तास सराव चालविला. पाय हलूं नये म्हणून तो जमिनीशीं बांधून ठेवीत असत, अशी आख्यायिका आहे. पाय जागेवर ठेवून केवळ मनगटाच्या वळणानें चेंडू पायामागें लेग बाजूस वळविण्याचा त्यांचा सुप्रसिद्ध फटका या सरावांतूनच निर्माण झाला, असें सांगतात.

त्यांचे पराक्रम पार्कर्स पीसवर गांवच्या क्लबांकडून खेळतांना सर्वांच्या नजरेंत येत होते. तथापि १८९२ सालीं विद्यापीठाच्या संघांत त्यांची निवड झाली नाहीं. त्या वेळचे कर्णधार एफ. एस. जॅक्सन यांस हा हिंदी तरुण आपल्या संघांत शोभेल असें वाटलें नाहीं. त्याच हिंवाळ्यांत जॅक्सन लॉर्ड हॉक यांच्या संघाबरोबर हिंदुस्थानांत आले. या दौऱ्यांत मुंबईस पारशी खेळाडूंनीं त्या संघाचा एकदां स्पष्ट पराभव केला. हिंदी लोकांचा खेळ प्रत्यक्ष पाहिल्यावर जॅक्सन यांचें मत पालटलें. आणि १८९३ सालीं त्यांनींच रणजितसिंहजींस संघांत घेतलें. अशा रीतीनें केंब्रिजचा क्रिकेटचा ‘ब्ल्यू’ मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ झाले. हेच जॅक्सन पुढें बंगालचे गव्हर्नर होऊन आले.

ऑक्सफर्डविरुद्धच्या त्या सामन्यांत रणजितसिंहजींच्या धांवा फारशा झाल्या नाहींत. परंतु अवघ्या तीन वर्षांनीं, १८९६ सालीं, मँचेस्टर येथें इंग्लंडकडून ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळतांना त्यांनीं ६२ व नाबाद १५४ धांवा काढल्या. १८९९ सालीं एका हंगामांत तीन हजारांहून अधिक धांवा काढणारे ते जगांतील पहिले खेळाडू ठरले. त्यांच्या नांवानें १९३४ सालीं सुरू झालेली रणजी ढाल प्रथम आपल्या मुंबईनेंच जिंकली. एका कर्णधारानें आपला पूर्वग्रह आणखी एक वर्ष धरून ठेविला असता, तर विद्यापीठाच्या यादींत हें नांव कदाचित् आलेंच नसतें.

एकदां उघडलेलें दार पुन्हां मिटलें नाहीं. रणजितसिंहजींचे पुतणे दुलीपसिंहजी यांनीं १९२७ सालीं केंब्रिजकडून मिडलसेक्सविरुद्ध नाबाद २५४ धांवा काढल्या. १९३० सालीं लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनीं १७३ धांवा केल्या. हिंदुस्थानच्या १९३२ सालच्या पहिल्या कसोटींत खेळलेले जहांगीरखान हेही पुढें केंब्रिजचे ‘ब्ल्यू’ झाले. १९३६ सालीं लॉर्ड्सवर त्यांनीं टाकलेला चेंडू लागून एक चिमणी मेली. पेंढा भरलेली ती चिमणी त्या चेंडूसह तेथील संग्रहालयांत ठेविली आहे. जहांगीरखानांचे चिरंजीव माजिदखान हे १९७२ सालीं केंब्रिजचे कर्णधार असतांना विद्यापीठानें ऑक्सफर्डवर कित्येक वर्षांनंतर विजय मिळविला.

कुंपणाबाहेरचे खेळाडू

येथवर आम्हीं विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांविषयीं लिहिलें. परंतु त्यांच्यासाठीं खेळपट्टी तयार करणारे, रूळ फिरविणारे आणि सरावास गोलंदाजी करणारे हातही याच इतिहासाचा भाग आहेत. त्या काळीं इंग्लंडांत हौशी खेळाडू आणि पगारी खेळाडू असे दोन वर्ग मानीत. विद्यापीठाचे तरुण बहुधा पहिल्या वर्गांत मोडत. एकाच संघांतील या दोन वर्गांस कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या असत, आणि कित्येक ठिकाणीं मैदानांत उतरण्याचे मार्गही वेगळे असत. हा भेद १९६२ सालच्या अखेरीस रद्द झाला.

केंब्रिजच्या जीझस कॉलेजांत मैदानाची देखभाल करणाऱ्या एका गृहस्थांस बारा मुलें होतीं. त्यांतील थोरल्या मुलाचें नांव जॅक हॉब्ज. या मुलास विद्यापीठांत शिकण्याचा योग नव्हता. तो कॉलेजच्या मैदानाच्या कडेस उभा राहून खेळ पाही आणि पार्कर्स पीसवर जाऊन सराव करी. पुढें सरे परगण्यांत जाऊन त्यानें जें नांव कमाविलें त्यास तोड नाहीं. पहिल्या प्रतीच्या क्रिकेटमध्यें जॅक हॉब्ज यांच्या नांवावर १९७ शतकें नोंदलेलीं आहेत, आणि १९५३ सालीं ‘सर’ ही पदवी मिळालेले ते पहिले पगारी क्रिकेटपटू होत. केंब्रिज गांवानें जगास दिलेला सर्वांत थोर फलंदाज अशा रीतीनें केंब्रिज विद्यापीठाच्या संघांत कधींच नव्हता.

याच्याशीं ताडून पाहावें असें एक चरित्र आपल्याकडेही आहे. तें म्हणजे पळवणकर बाळू यांचें. चर्मकार समाजांत जन्मलेले बाळू पुण्यांत युरोपियनांच्या जिमखान्यावर मैदानाची निगा राखीत व साहेबलोकांस सरावासाठीं गोलंदाजी करीत. त्यांच्या डावखुऱ्या गोलंदाजीची कीर्ति झाली तेव्हां पुण्यांतील हिंदूंच्या संघांत त्यांस घ्यावें लागलें. पण मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू चालणाऱ्या सोबत्यांस त्यांची पंगत चालेना. त्यांस चहा बाहेर, टाकून देण्याच्या मातीच्या भांड्यांतून देत असत. १९११ सालीं हिंदुस्थानचा पहिला संयुक्त संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यांत बाळूंनीं शंभरांहून अधिक गडी बाद केले. आणि ज्या केंब्रिज विद्यापीठाविषयीं आम्ही लिहीत आहों, त्याच्या संघाचे आठ गडी त्यांनीं एका डावांत टिपले. एवढें असूनही हिंदूंच्या संघाचें कर्णधारपद त्यांस कधीं मिळालें नाहीं. तो मान त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस १९२३ सालीं मिळाला.

वाचकांनीं या दोन प्रसंगांचा मनाशीं मेळ घालावा. केंब्रिजच्या कर्णधारानें एका हिंदी तरुणास एक वर्ष बाहेर ठेविलें, हें वाचतांना आपणांस राग येतो, आणि तो यावाच. परंतु तसाच राग आपल्याच माणसांनीं आपल्याच माणसास बाहेर बसविलें हें वाचतांना न येईल, तर पहिल्या रागास कांहींच किंमत उरत नाहीं.

धांवण्याच्या शर्यती

उभय विद्यापीठांमधील धांवण्याउड्या मारण्याचे पहिले सामने १८६४ सालीं ऑक्सफर्ड येथें झाले. त्यांत आठ प्रकार होते. दोघांनीं चार चार जिंकले. या परंपरेंतील केंब्रिजचें सर्वांत गाजलेलें नांव हॅरल्ड अब्राहम्स यांचें. १९२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत १०० मीटरची शर्यत त्यांनीं जिंकली. ते ज्यू होते, आणि त्यामुळें होणारी अवहेलना त्यांच्या मनांत सलत असे. त्यांनीं सॅम मुसाबिनी या धंदेवाईक शिक्षकाकडून शिक्षण घेतलें. पैसे घेऊन शिकविणाऱ्याची मदत घेणें त्या काळच्या हौशी खेळाडूंस कमीपणाचें वाटे. परंतु पावलाची लांबी, हातांची हालचाल आणि सुरुवातीचा झेप या प्रत्येक बाबतींत शास्त्रशुद्ध अभ्यास करावा लागतो, हें या गुरुशिष्यांनीं सिद्ध केलें. १९२८ सालच्या ऑलिंपिक सामन्यांत केंब्रिजचेच लॉर्ड बर्ली यांनीं ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत जिंकली.

किंग्ज कॉलेजचे फिलिप नोएल-बेकर यांचीही आठवण येथें केली पाहिजे. १९२० सालीं अँटवर्प येथें १५०० मीटरच्या शर्यतींत त्यांनीं रौप्यपदक मिळविलें. नंतर त्यांनीं आयुष्याचीं अनेक वर्षें राष्ट्राराष्ट्रांतील शस्त्रास्त्रें कमी करण्याच्या कार्यास वाहिलीं, आणि १९५९ सालीं त्यांस शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. ऑलिंपिक पदक आणि नोबेल पारितोषिक या दोहोंचा लाभ झालेले ते एकमेव पुरुष होत.

स्त्रियांचा प्रवेश

सर्वांत उशिरां उघडलेलें दार स्त्रियांचें होय. गर्टन कॉलेज १८६९ सालीं आणि न्यूनहॅम १८७१ सालीं सुरू झालें; परंतु तेथील विद्यार्थिनी परीक्षा उत्तीर्ण झाल्या तरी त्यांस विद्यापीठाची पूर्ण पदवी मिळत नसे. १८९७ सालीं ती द्यावी कीं नाहीं यावर मतें घेण्यांत आलीं. त्या दिवशीं विरोधकांनीं सायकलवर बसलेल्या स्त्रीचें बुजगावणें सिनेट हाऊससमोर टांगलें, आणि ठराव मोठ्या बहुमतानें फेटाळला गेला. स्त्रीनें शिकणें आणि स्त्रीनें सायकल चालविणें या दोन्ही गोष्टी त्यांस सारख्याच हास्यास्पद वाटत होत्या. पूर्ण सभासदत्व व पदवी मिळण्यास १९४८ साल उजाडावें लागलें.

नौकानयनांतही असाच क्रम दिसतो. दोन्ही विद्यापीठांच्या स्त्रियांची पहिली शर्यत १९२७ सालीं ऑक्सफर्ड येथें झाली. परंतु दोन्ही नौका एकाच वेळीं पाण्यांत उतरूं दिल्या नाहींत. प्रत्येक नौका निरनिराळी वल्हविली गेली आणि वेळेबरोबरच वल्हविण्याच्या डौलासही गुण दिले गेले. त्यानंतर पुष्कळ वर्षें स्त्रियांची शर्यत आडबाजूस, थोड्या प्रेक्षकांपुढें होत असे. २०१५ सालीं ती प्रथमच लंडनमध्यें, पुरुषांच्याच दिवशीं आणि त्यांच्याच चार मैलांच्या प्रवाहांत झाली. २०२५ अखेर स्त्रियांच्या शर्यतींत केंब्रिजचे विजय ४९ आणि ऑक्सफर्डचे ३० होते. पूर्वी निराळे असलेले पुरुषांचे व स्त्रियांचे नौकाक्लब २०२० सालीं एकत्र करण्यांत आले.

समारोप

काळानुरूप पुष्कळ गोष्टी बदलल्या आहेत. एके काळीं ऑस्ट्रेलियास हरविणारा केंब्रिजचा क्रिकेटसंघ आज तितका बलाढ्य नाहीं. उभय विद्यापीठांच्या क्रिकेट सामन्यास असलेला पहिल्या प्रतीचा दर्जाही २०२० नंतर राहिला नाहीं. खेळ हा आतां पूर्ण वेळचा व्यवसाय झाला आहे, आणि अभ्यास सांभाळून खेळणाऱ्या विद्यार्थ्यानें त्याची बरोबरी करणें कठीण आहे. त्यांत खेद मानण्याचें कारण नाहीं. विद्यार्थ्यानें खेळावें तें पोट भरण्यासाठीं नव्हे. शरीर, मन आणि स्नेह यांची जोपासना व्हावी म्हणून होय.

या दोनशें वर्षांच्या इतिहासांतून आमच्या विद्यार्थ्यांनीं तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. खेळापूर्वीं सर्वांस मान्य होतील असे नियम ठरवावे, आणि ते ठरवितांना ज्याचा कांहीं स्वार्थ नाहीं त्याचें मत अवश्य घ्यावें. पराभव झाला तर पुढील आव्हान आपण होऊन द्यावें. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: संघ निवडण्याचें काम ज्याच्याकडे येईल त्यानें खेळाडूचा खेळ पाहावा, त्याचें गांव, त्याची जात, त्याच्या बापाचा धंदा किंवा अंगावरील कपडे पाहूं नयेत.

पुढील हंगामांत शाळेच्या मैदानावर निवडीचे सामने सुरू होतील, तेव्हां कुंपणाशीं उभें राहून पाहणारा एखादा मुलगा किंवा मुलगी आपल्या दृष्टीस पडेलच. त्याच्या हातांत एकवार चेंडू देऊन पाहावा. त्यांतील कोणी हॉब्ज किंवा बाळू निघो अगर न निघो, चेंडू देणाऱ्या संघाचें त्यांत कल्याणच आहे.